वकीलबाईंना दिलेली उचल

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. गोळ्यांची अर्धवट संपलेली पाकिटं आणि किस्से. गोळ्या मी विसरतो. किस्से विसरायची सोय नाही, कारण ते रोज सकाळी दहानंतर आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत घडतात आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला असतो.

त्या खोलीत माझी बायको सुमन वकिली करते. गेवराईत तिला सगळे वकीलबाई म्हणतात. निम्म्याहून जास्त कामं फारकतीची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचा मास्तर होतो. नोकरी संपली आणि मी दिवसभर घरात पायात पायात यायला लागलो, तेव्हा तिनं मला हे टेबल दिलं. पावत्या लिहायच्या, झेरॉक्स आणायच्या, आलेल्या माणसाला पाणी द्यायचं. पगार शून्य. पक्षकार मला गुरुजी म्हणतात, आणि निघताना पुष्कळजण हळूच विचारतात, "गुरुजी, तुमची बाई रोज फारकती करती. तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की," मी म्हणतो. "पण तिची फी मला परवडत नाही."

हे उत्तर मी इतक्या जणांना दिलंय, की आता सुमन आतूनच ओरडते, "गुरुजींना सवलत आहे म्हणावं!"

* * *

फीचं आधी सांगतो, कारण आमचे सगळे किस्से तिथूनच निघतात.

नवरा-बायकोचं भांडण सांगताना आमच्याकडे माणूस अजिबात लाजत नाही. सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. पण "तुमचे किती होतील?" एवढं विचारताना त्याची मान खाली जाते. लग्नात देण्याघेण्याची बोलणी करताना हीच मान चांगली ताठ होती! मग तो विचारत नाही, वकील सांगत नाही, आणि वर्षभरानं दोघंही एकमेकांवर चिडलेले असतात. नवऱ्याशी भांडण राहिलं बाजूला, वकिलाशीच सुरू.

सुमनचे नियम त्यासाठी. वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी फी सांगायची. फी तारखेला नाही, कामाच्या टप्प्याला. अर्ज दाखल झाला की एक, साक्षीपुरावा सुरू झाला की दुसरा, निकालाला तिसरा. मध्येच मिटलं तर पुढचे टप्पे नाहीत. दोघं राजीखुशीनं वेगळे होत असतील तर सगळं मिळून एकच रक्कम, तीही कमी. स्टॅम्प, नोटरी, समन्स, झेरॉक्स हे फीमध्ये धरायचं नाही. त्याचं पाकीट वेगळं, आणि उरलं तर परत. त्यासाठी आमच्याकडे स्टीलचे दोन डबे आहेत. लग्नात आहेरात आलेले, एकावर माझ्या आत्याचं नाव कोरलेलं. एकात फी, दुसऱ्यात खर्चाची पाकिटं.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये कोणीतरी तिला म्हणालं, "वकीलबाई, आता हॉटेलसारखं मेनूकार्ड लावा."

सुमन म्हणाली, "लावते की. हॉटेलात माणूस खायच्या आधी भाव विचारतो. आपल्याकडं खाऊन झाल्यावर कळतो."

शेवटचा नियम मात्र माझा. वर्गात मी "समजलं का?" असं कधी विचारलं नाही, कारण सगळी पोरं हो म्हणतात. मी म्हणायचो, "तुझ्या शब्दांत सांग." सुमननं ते उचललं. फी सांगून झाली की ती पेन खाली ठेवते आणि म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते." ते नीट जमल्याशिवाय सही नाही. या नियमाचा मला फार अभिमान आहे. सुमनच्या मते गरजेपेक्षा जास्त.

* * *

एक गडी आला. फी ऐकली आणि हसायलाच लागला. म्हणाला, गावात चार माणसं बसवून बाँडवर फारकत लिहून घेतली, बाँड आणि चहापाणी धरूनसुद्धा तो खर्च याच्या पासंगाला पुरत नाही. "तुमी कावून इतकं सांगता?"

सुमननं विचारलं, मग फारकत झालीच आहे, तर माझ्याकडं कशाला आलात?

तो जरा घुटमळला. त्या बाँडच्या भरवशावर त्यानं दुसरं लग्न केलं होतं. आता पहिलीनं कोर्टात अर्ज टाकला होता, की बाँड कायद्यात बसत नाही आणि माझा नवरा अजून माझाच आहे. दुसरीच्या बापाला हे कळल्यापासून तोही वकील शोधत होता.

सुमननं त्याला सगळं नीट समजावलं आणि फी पुन्हा सांगितली. आता तो हसला नाही. "आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं," ती म्हणाली.

त्यानं कपाळाला हात लावला. "सस्तं लई म्हाग पडलं."

सुमननं सही घेतली. एवढं थोडक्यात आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

मंगल आली तेव्हा पाऊसकाळ सरत आला होता. तलवाड्याची बाई, मोठ्या भावाला घेऊन आलेली. ऊसतोडीला जाणारी.

बाहेरच्या वाचकासाठी इथं दोन शब्द सांगायला हवेत. ऊसतोडीत एकट्या माणसाला कोणी विचारत नाही, नवरा-बायकोची जोडी लागते. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि त्या जोडीलाच म्हणतात एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम कोयत्याला आगाऊ रक्कम देतो. ती उचल. उचल फिटेपर्यंत कोयता मुकादमाचा. यंदा नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडं जायचं.

मंगलच्या घरी उचल घ्यायचा नवरा, दत्ता, आणि फेडायची दोघांनी. उरलेल्या वेळात तो तिला मारायचा. ती वर्षाच्या वर माहेरी होती. मुलगी पूजा तिथल्याच शाळेत पाचवीत शिकत होती. आणि आता तिला कळलं होतं, की दत्तानं याही साली जोडीची उचल घेतलीय. म्हणजे मंगल धरून! दसऱ्यानंतर गाडी दारात येणार होती, आणि बाई जोडीनं चालली म्हणजे पोरही उसाच्या फडावर चाललं.

"मला फारकत पायजे आन पोरगी साळंत ऱ्हायाला पायजे," मंगल म्हणाली. "बाकी त्याचं घर त्याला लखलाभ."

सुमननं फी सांगितली. भावानं ऐकली, टोपी काढली, पुन्हा घातली. मग एकदम त्याच्या तोंडावर उजेड पडला. "वकीलबाई, आसं करा. केस निम्म्या बटईनं घ्या. पोटगी मिळंल ती निम्मी तुमची, निम्मी आमची."

मला टेबलाखाली तोंड लपवावं लागलं. सुमन मात्र हसली नाही. तिनं सांगितलं, वकिलाला कायद्यानं मिळकतीत वाटा घेता येत नाही.

"का बरं? शेत तर सगळे करत्यात बटईनं."

"बटईदाराचं लक्ष पिकावर असतं, दादा. उद्या दत्ता म्हणाला, पैसे घे आणि पोरगी दे, तर मी पैशांकडं बघीन. मग पोरीकडं कोण बघणार?"

भावानं पुन्हा टोपी काढली. मंगल मात्र सुमनकडं टक लावून बघायला लागली.

मग सुमननं तिला, प्रत्येक बाईला सांगते तसं, हेही सांगितलं, की बायकांना सरकारकडून मोफत वकील मिळतो. काम तेच, तसंच. मी स्वतः अशा केसेस करते, तुझीही तशीच करीन. भाऊ खूश झाला. मंगलनं मान हलवली.

"न्हाई बाई. आजवर माझ्या नावानं दुसऱ्यानं उचल घेतली. येक डाव मला देऊ द्या."

सुमननं पुन्हा समजावलं. ती ऐकेना. शेवटी सुमननं पेन खाली ठेवलं. "बरं, सांग मग. मी काय सांगितलं?"

मंगलनं जरा विचार केला. "ही तुमची उचल. मी आदी देनार, तुमी काम करनार. काम फिटल्याबिगर तुमाला दुसऱ्याच्या फडात जाता येत न्हाई. आन खर्चाचं पाकीट येगळं, ते तुमचं न्हाई, माझंच हाय."

मी टेबलावरूनच पैकीच्या पैकी मार्क दिले. वकिलाच्या फीची इतकी चोख व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही, आणि माझ्या घरात तर वकील राहते.

* * *

तारखेला पैसे न घेण्यानंही माणसं बिथरतात, हे आम्हाला अण्णांनी शिकवलं.

अण्णा धर्मापुरीकडचे. लेक गेवराईत दिलेली, म्हणून केस इथं. आधीच्या कुठल्याशा जमिनीच्या दाव्यात त्यांना दर तारखेला खिशात हात घालायची सवय लागलेली. आमच्याकडं आले, तारीख झाली, त्यांनी हात खिशात घातला, आणि सुमन म्हणाली, काही नाही, या. पुढच्या तारखेला तेच. त्याच्या पुढच्या तारखेला अण्णांचा चेहरा पडला. बाई पैसे मागत नाही, म्हणजे बाई काम करत नाही. नाहीतर जावयाला मिळाली!

त्यांनी सरळ जाऊन जावयाच्याच वकिलाला विचारलं, "आमच्या वकीलबाई तुमच्याकडं गेल्या का हो?" त्या बिचाऱ्यानं हसत हसत येऊन सुमनला सांगितलं.

सुमननं अण्णांना बोलावून घेतलं. टप्पे पुन्हा समजावले. अण्णांनी बरोबर म्हणूनही दाखवले. पण हात काही खिशातून निघेना. तेव्हा ती म्हणाली, "असं करा अण्णा, तारखेचा चहा तुमच्याकडं."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून दर तारखेला कोर्टाच्या टपरीवर अण्णा सढळ हातानं चहा पाजायला लागले. आम्हाला, टायपिस्टला, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना. एकदा गर्दीत त्यांनी पुढं केलेला कप जावयानंच घेतला. आता दिलेला कप परत कसा मागणार? दोघं शेजारी उभे राहून चहा प्याले. पुढच्या तारखेला पुन्हा. मग बोलायला लागले. संसार काही जुळला नाही, पण भांडण मिटलं. राजीखुशीनं वेगळं व्हायचं ठरलं, लेकीचं सगळं स्त्रीधन घरी आलं.

सुमननं अण्णांना सांगितलं, साक्षीपुराव्याचा टप्पा आता नाही, त्याची फीही नाही. अण्णा हिरमुसले.

"म्हंजी माझ्या चहानं तुमचं नुकसान झालं, माय."

* * *

मंगल कापूस वेचायला जायची आणि हातात चार पैसे आले की येऊन भरायची. सांगितल्यापेक्षा आधीच. सुमन रागवायची, की दुसरा टप्पा अजून लांब आहे. मंगल म्हणायची, "आसू द्या, तुमी बांधल्याल्या ऱ्हाता."

अशीच ती एकदा बाकावर बसलेली असताना दारात पांढरी गाडी थांबली. आतून एक पुढारी उतरले. नाव सांगत नाही, तालुक्यात मोठं प्रस्थ. बरोबर दोन माणसं आणि हातात जाडजूड पाकीट. घरात वाद आहे, सल्ला पाहिजे, म्हणाले. फी विचारलीसुद्धा नाही, पाकीट सरळ टेबलावर ठेवलं.

सुमननं पाकिटाला हात लावला नाही. तिची एक सवय आहे. हकिगत ऐकायच्या आधी ती एवढंच विचारते, की याआधी कोणाकोणाचा सल्ला घेतला. साहेबांनी अभिमानानं गावातल्या कितीतरी वकिलांची नावं सांगितली. सगळ्यांना सल्ल्याचे पैसे पोचते केले होते. काम मात्र कोणालाच दिलं नव्हतं.

सुमनच्या लक्षात आलं. एकदा नवऱ्याची हकिगत ऐकली, सल्ल्याचे पैसे घेतले, की त्या वकिलाला बायकोच्या बाजूनं उभं राहता येत नाही. साहेब गावातला एकेक वकील बायकोसाठी बंद करत चालले होते.

"साहेब, मला वेळ नाही," ती म्हणाली.

"रक्कम तर बघा."

"रक्कम चांगलीच असणार. तुम्ही हकिगत सांगायच्या आत पाणी प्या."

साहेब पाणी प्याले आणि त्यांनी पाकीट उचललं. गाडी गेली. घरात एवढी रक्कम येता येता राहिली, तर माणसाला थोडं वाईट वाटावं की नाही? मला वाटलंही असतं. पण बाकावरून मंगल म्हणाली, "गुरुजी, बाईनं उचल घेतली न्हाई. म्हंजी बाई मोकळी हाय."

आणि आठवडा उलटायच्या आत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई मागच्या दारानं आली. कुठल्याच वकिलानं उभं केलं नाही म्हणाली. सुमननं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि मला पुढचं दार लावायला सांगितलं. त्या दिवशी मी चहा स्वतः केला, आलं किसून.

* * *

दत्ताचं समन्स काही केल्या लागत नव्हतं. बेलीफ गेला की घराला कुलूप. शेजारी म्हणत, आत्ता तर होता. मंगलच्या पाकिटातून समन्सचा खर्च पुन्हा पुन्हा जात होता आणि दसरा जवळ येत होता. मंगलची झोप उडालेली. गाडी आली आणि चार माणसांनी पोरीला आधी गाडीत बसवलं, तर आपणही मागं चढू, हे ती स्वतःच सांगायची. त्याचीच तिला भीती होती.

एक दिवस दुपारी मुकादमच आमच्या दारात. धिप्पाड माणूस, आवाज तसाच. "ही बाई माझ्या उचलीत हाय. फारकत हंगाम झाल्यावर करा. तवर ती माझी."

मंगल तिथंच होती. तिनं बाक घट्ट धरला. सुमन खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

"उचल कोणाच्या हातात दिली?"

"दत्ताच्या."

"हिच्या हातात?"

"तिच्या कशाला? नवऱ्याच्या दिली की झालं."

"मग नवऱ्याला न्या. हिनं घेतली नाही, ही येणार नाही. बळजबरीनं गाडीत बसवलं तर त्याचा अर्ज वेगळा, आणि त्यात तुमचं नाव पहिलं. त्या अर्जाची फी मी हिच्याकडून घेणार नाही, तो माझ्या आवडीचा विषय आहे."

मुकादम बसला. मी पाणी दिलं. तो पाणी प्याला आणि एकदम हिशोबाच्या स्वरात म्हणाला, "आर्धा कोयता घेऊन मी काय करू बे?" ते 'बे' माझ्यासाठी होतं. मी म्हणालो, ते दत्तालाच विचारा, आम्हालाही तो भेटत नाही.

मुकादमाला मात्र तो भेटला. बेलीफाला कितीक दिवस न सापडलेला माणूस दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर मागं बसून आमच्या दारात आला, शर्टाची कॉलर चुरगळलेली. मुकादमाचा हिशोब साधा होता. ही जोडी मोडली तरच दत्ता दुसरी जोडी लावून उचल फेडणार. दत्ता म्हणाला, राजीखुशीनं सह्या करतो, पोरगी आईकडं राहू द्या. त्याचा वकील आला, सगळं रीतसर कागदावर आलं. मुकादमानं सगळ्यांसमोर मंगलचं नाव उचलीतून काढायचं कबूल केलं.

सुमन मला म्हणाली, "खर्चाच्या डब्यातून यांना चहा सांगा. समन्स यांनी बजावलंय."

दसऱ्यानंतर गाड्या निघाल्या. मंगल त्या दिवशी कसल्याशा सहीसाठी आली होती. आमच्या समोरच्या रस्त्यानं ट्रक महामार्गाकडं चालले होते. वर भांडीकुंडी, शेरडं, लेकरं. एका ट्रकवरून कोणीतरी बाई ओरडली, "मंगे!" मंगलनं दारात उभं राहून हात वर केला. ट्रक वळेपर्यंत तो हात तसाच होता. मग ती रडली, आणि खरं सांगायचं तर मीही. पूजा त्या वेळी शाळेत होती. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान वाटला, की मी उठून उगाचच तिची खुर्ची पुसली. ती म्हणाली, मी बसलेय अजून.

* * *

मध्येच एक हलका किस्सा सांगून टाकतो.

पुण्यात आयटीत असलेला आमच्याच गावचा एक पोरगा आला. फी ऐकायच्या आधीच म्हणाला, मॅडम, तासाला किती? तिकडं तासावर घेतात म्हणे. त्यानं मोबाईल काढून वेळ लावली आणि इतक्या भरभर हकिगत सांगायला लागला, की सुमनला बायकोचं नाव कळायच्या आत लग्न मोडलंसुद्धा.

तिनं हात लांब करून त्याचा मोबाईल पालथा घातला. "बाळा, सावकाश. मी रिक्षा नाही."

तो थांबला. मग म्हणाला, "मॅडम, मला तिला सोडायचं नाहीये. तिला मला सोडायचंय." आणि रडायला लागला. बराच वेळ रडला. शेवटी त्यानं डोळे पुसले आणि सवयीनं मोबाईलकडं हात नेला.

"याचे पैसे नाहीत," सुमन म्हणाली. "हे आपल्याकडं चहात धरतात."

* * *

मंगलचा निकाल लागला. कोर्टातून ती सरळ आमच्याकडं आली, पूजाला घेऊन. पूजा टेबलावरच्या शिक्क्याशी खेळत होती. मंगलनं एकच विचारलं, "आता मी कुनाच्या कोयत्यात न्हाई ना?" सुमन म्हणाली, कोणाच्याच नाही.

मग सुमननं मला डबे आणायला सांगितले. साक्षीपुरावा झालाच नव्हता, म्हणून त्याचे आगाऊ भरलेले पैसे निघाले. खर्चाच्या पाकिटातही थोडे उरले. सगळं एका पाकिटात घालून मी मंगलपुढं ठेवलं.

तिला आधी कळेना. मग कळलं, तेव्हा ती खुर्चीत मागं टेकली. "दरसाल हंगाम सरला की हिसोब व्हायचा. दरसाल आमच्याकडंच निघायचं. कुनाकडं माझं निघालं, आसं पयल्यांदा झालं, बाई."

सुमनचे डोळे भरून आले. तिला ते लपवता येत नाही, म्हणून ती चष्मा पुसते.

मंगलनं पाकीट हातात घेतलं, जरा वेळ धरलं, आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. "ऱ्हाऊ द्या डब्यात. बाकी हाय तवर तुमी माझ्या."

"तसं चालत नाही मंगल. उरलेलं परत द्यायचं, हा माझा नियम आहे."

"देयाचा नियम तुमचा, बाई. तुमी दिलं. घेयाचा नियम तुमी कवा सांगितला?"

तिनं पूजाचा हात धरला आणि निघाली. आख्ख्या कोर्टाला जी ऐकत नाही, ती माझी बायको पाकीट हातात धरून उभी! नंतर मी विचारलं, की वकीलबाई, अपील करायचं का? तिनं पाकिटावर मंगलचं नाव लिहिलं आणि ते खर्चाच्या डब्यात सर्वांत खाली ठेवलं.

* * *

पुढच्या साली पुन्हा दसरा जवळ आला. मी टेबलावर पेपर वाचत होतो. दारात चपला काढल्याचा आवाज आला. मंगल होती. अंगात भरली होती, आवाजही वाढला होता. पूजा आता सहावीत आहे, हे तिनं पाणी पिण्याआधी सांगितलं. मग मागं वळून म्हणाली, "ये गं आत. भिऊ नको, आपलंच घर हाय."

आत आली ती तिच्याहून लहान एक बाई. शोभा. उजवा डोळा काळानिळा. कालच्या ट्रकवरून जिनं "मंगे!" म्हणून हाक मारली होती, ती हीच, असं मंगलनं सांगितलं. 'काल' म्हणजे गेल्या हंगामात, पण मंगलच्या बोलण्यात ते कालच होतं. शोभाच्या नवऱ्यानंही जोडीची उचल घेतलेली. गाडी येत्या आठवड्यात निघणार होती.

सुमननं शोभाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. आधी पोलिसांत काय करायचं ते सांगितलं, मग मोफत वकिलाचं सांगितलं. मग फीचं सांगायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या," मंगल म्हणाली. "मी वाटंनं शिकीवलंय. शोभे, म्हनून दाखव."

शोभानं मांडीवर हात ठेवले आणि खाली बघत म्हणायला सुरुवात केली. "फी येगळी, खर्च येगळा. तारखंला पैसं न्हाईत. मधीच मिटलं तर म्होरल्या टप्प्याचं न्हाईत. खर्चाचं उरलं तर माघारी. बटईनं केस घेत न्हाईत, कारन मग पोरीकडं कोन बघनार." एवढं बोलून ती मंगलकडं बघायला लागली, बरोबर आलं का म्हणून.

सुमन हळूच म्हणाली, "अगदी बरोबर. शोभा, तू मोफतवाला अर्ज कर. पैशांचं मनात आणू नको."

शोभानं पुन्हा मंगलकडं पाहिलं. मंगलनं हनुवटीनं डबा दाखवला.

"गुरुजी, माझं पाकीट काढा. ती उचल हिच्या कामाला लावा."

मी सुमनकडं पाहिलं. सुमननं चष्मा काढला होता. मी डबा उघडला, तळातून पाकीट काढलं, पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि विचारलं, की नाव कोणाचं लिहू, मंगलचं का शोभाचं?

मंगल बाकावर शोभाला खेटून बसली.

"दोघींचं लिवा. कोयता हाय आमचा."